कंठ एकाचा, मुद्रा दुसऱ्याची : ‘मोत्सार्ट आणि सालिएरी’ व ‘कट्यार काळजात घुसली’ यांची चित्रपटरूपे

संगीतिकेचा चित्रपट करावयाचा म्हटला की दिग्दर्शकापुढे पहिला प्रश्न कथेचा नसतो, कंठाचा असतो. रंगभूमीवर ज्याने गावे त्यानेच दिसावे, हा नियम कोणी घालून दिलेला नाही. तो देहधर्मच आहे. चित्रपटात मात्र ध्वनी आणि छाया यांचे मुद्रण निरनिराळे होत असल्यामुळे एकाचा कंठ दुसऱ्याच्या मुद्रेला जोडता येतो. ही सोय वापरावी की नाही, आणि वापरल्यास शोकात्म संगीतिकेच्या आशयात काही फरक पडतो की काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

त्यासाठी दोन कृती निवडल्या आहेत. पहिली रशियन : निकोलाई रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची ‘मोत्सार्ट आणि सालिएरी’ ही संगीतिका व तिच्यावरून व्लादिमीर गोरिकर यांनी रीगा येथील चित्रसंस्थेत १९६२ साली केलेला चित्रपट. दुसरी मराठी : पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ साली रंगभूमीवर आलेले संगीत नाटक व सुबोध भावे दिग्दर्शित २०१५ चा त्याच नावाचा चित्रपट. दोहोंचा विषय एकच आहे. एका गुणवंत संगीतकाराला दुसऱ्याचा गुण सहन होत नाही, आणि त्या असूयेपोटी एका कलावंताचा नाश होतो. या साम्यावरून ऋणाचा वाद उपस्थित करण्याचे कारण नाही. कलावंताची असूया ही काही कोणा एका भाषेची मिरास नव्हे.

मूळ रशियन कृतीची हकीगत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मोत्सार्ट १७९१ साली वारला, सालिएरी १८२५ साली. सालिएरीने त्यास विष घातले ही वदंता त्या काळी पसरली होती. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. पुश्किनने १८३० साली बोल्दिनो येथील मुक्कामात जी चार लघुशोकनाट्ये सिद्ध केली त्यांपैकी एक या वदंतेवर रचले आहे. दोन प्रवेश, बोलणारी पात्रे दोन आणि एक मुका आंधळा सारंगीवाला, एवढाच त्याचा व्याप. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी १८९७ साली ते संगीतबद्ध केले व ७ डिसेंबर १८९८ रोजी (जुन्या पंचांगाप्रमाणे २५ नोव्हेंबर) मॉस्कोत मामोंतोव्ह यांच्या खाजगी संगीतिकामंडळीने त्याचा प्रयोग केला. सालिएरीची भूमिका तरुण शल्यापिनने केली होती.

भाषेच्या अभ्यासकाला या संगीतिकेचे महत्त्व निराळ्याच कारणासाठी वाटते. तिच्यासाठी वेगळी संहिता लिहिलेली नाही. पुश्किनचे निर्यमक पद्य जवळजवळ जसेच्या तसे घेऊन त्याला स्वर दिले आहेत. ही वाट आधी दार्गोमीझ्स्की यांनी ‘पाषाणाचा पाहुणा’ या संगीतिकेत चोखाळली होती, आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी आपली कृती त्यांच्याच स्मृतीस अर्पण केली आहे. परिणाम असा की गाणे येथे बोलण्याच्या अंगाने चालते. एका अक्षराला बहुधा एक स्वर. आघात पडतो तो शब्दाच्या स्वाभाविक आघातावर. वाक्य संपते तेथे स्वरावली विसावते. सालिएरी आपले दीर्घ स्वगत गातो तेव्हा तो ‘गातो आहे’ याचा श्रोत्यास विसर पडू शकतो. खरे गाणे, म्हणजे गाणे म्हणून ऐकावयाचे संगीत, या संगीतिकेत इनमिन दोन-तीन ठिकाणीच आहे : सारंगीवाला मोत्सार्टचीच एक चाल वेडीवाकडी वाजवतो ते, मोत्सार्ट आपली नवी रचना ऐकवतो ते, आणि अखेरीस मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा प्रारंभ वाजवतो ते. या तिसऱ्या स्थळाकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता चित्रपट. गोरिकर यांच्या चित्रपटात मोत्सार्ट दिसतो तो इनोकेन्ती स्मोक्तुनोव्स्की या नटाच्या रूपाने आणि ऐकू येतो तो सर्गेई लेमेशेव्हच्या कंठातून. सालिएरी दिसतो प्योत्र ग्लेबॉव्हच्या रूपाने व ऐकू येतो अलेक्सांद्र पिरोगॉव्हच्या कंठातून. दोघेही नट गद्य अभिनयातले. ग्लेबॉव्हने शोलोखोव्हच्या ‘संथ वाहते दोन’वरील चित्रपटात ग्रिगोरी मेलेखोव्ह उभा केला होता, आणि स्मोक्तुनोव्स्कीचा हॅम्लेट दोनच वर्षांनी, १९६४ साली, जगाने पाहिला. उलट दोन्ही कंठ मॉस्कोच्या बल्शोय रंगमंदिरात मुरलेले. लेमेशेव्हचा जन्म १९०२ चा व पिरोगॉव्हचा १८९९ चा. म्हणजे मुद्रा एका पिढीची, कंठ तिच्या आधीच्या पिढीचा.

त्या दशकातील रशियन चित्रकर्त्यांची ही एकमेव रीत होती असे मात्र नव्हे. व्हेरा स्त्रोयेव्हा यांच्या १९५४ सालच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’मध्ये बल्शोयचे गायक स्वतःच पडद्यावर आले; त्यातला बोरिस म्हणजे हाच पिरोगॉव्ह, आपल्या स्वतःच्या चेहऱ्यासह. चार वर्षांनी तिखोमिरोव्ह यांच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मध्ये तात्याना झाली नटी आरिआद्ना शेंगेलाया आणि तिच्यासाठी गायली गालिना विश्नेव्स्काया. पुढे १९६६ साली मिखाईल शापिरो यांनी शोस्ताकोविचची ‘कातेरिना इझ्माइलोव्हा’ पडद्यावर आणली तेव्हा तीच विश्नेव्स्काया गायिका आणि नटी अशा दोन्ही नात्यांनी उभी राहिली. तात्याना कोवळी मुलगी आहे म्हणून तेथे दुसरा चेहरा हवा होता आणि कातेरिना प्रौढ स्त्री आहे म्हणून नको होता, एवढेच कारण देऊन भागेल असे मला वाटत नाही. कातेरिनेच्या वाट्याला आलेले गाणे देहाला पिळून काढणारे आहे. तो पीळ उसन्या मुद्रेवर दिसणे कठीण.

येथवर आल्यावर मराठीकडे वळावयास हरकत नाही. मात्र एक भेद आधीच सांगितला पाहिजे. आपले संगीत नाटक म्हणजे पाश्चात्त्य अर्थाने संगीतिका नव्हे. किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतला’पासून त्याची घडण गद्य आणि पद या दोन धाग्यांची आहे, पात्र बोलता बोलता थांबते आणि गाऊ लागते. शोकात्म कथेत हा सांधा विशेष बोचतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर महिन्याभराच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांची. त्या नाटकात सुधाकराची भूमिका गद्याची आणि सिंधूची पदांची. गणपतराव बोडसांचा सुधाकर शब्दांनी कोसळत गेला, बालगंधर्वांची सिंधू स्वरांनी सोसत राहिली. गद्य आणि पद यांची ही विभागणी योजनेने झाली की मंडळीतील नटांच्या गुणांप्रमाणे, हा वेगळा प्रश्न आहे. पण तिने सांध्याचा बोच पुष्कळ कमी केला, यात संशय नाही.

बोलपट आला तेव्हा प्रथम कंठ आणि मुद्रा एकत्रच राहिले. प्रभातच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि गायलेही तेच, पार्श्वगायनाची युक्ती आपल्याकडे १९३५ नंतर रूढ झाली. त्याच १९३५ साली बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ म्हणून आले. पुढे १९३७ साली ‘अमृतसिद्धी’ या मीराबाईवरील नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ हा बोलपट निघाला व त्यात मीरेची भूमिका त्यांनीच केली. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. रंगभूमीवर दहा-वीस हातांवरून जो देह प्रेक्षकांनी स्त्रीचा म्हणून आनंदाने मानला, तो कॅमेऱ्याच्या जवळिकीत मानला गेला नाही. कंठ तोच होता; त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. म्हणजे कंठाचा आणि मुद्रेचा काडीमोड पार्श्वगायनाने घडविला असे आपण म्हणतो खरे, पण त्याची निकड त्याआधीच उघड झाली होती.

गाणे हे आपल्याकडे पाहावयाचेही असते, ही गोष्ट पुस्तकी चर्चेत निसटून जाते. प्रस्तुत लेखकाचे बरेचसे लेखन लोणावळ्यानजीक औंढे येथे होते. इंद्रायणीच्या उगमाकडील या मावळ मुलखात हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनाला बसलेला श्रोता बुवांच्या तोंडाकडे, मानेच्या शिरांकडे, टाळकऱ्यांच्या पावलांकडे एकटक पाहत असतो. चाल उंच गेली की ऐकणाऱ्याची हनुवटीही नकळत वर जाते. ध्वनिक्षेपक लावल्याने यात फरक पडत नाही. ध्वनिमुद्रिका लावल्याने पडतो.

‘कट्यार’ हे नाटक या पाहण्यावरच उभे होते. प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने ते सादर केले, संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नाटकाचा कणा म्हणजे दोन गायकींचा झगडा. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन निराळ्या चालींत येते : एक पंडित भानुशंकरांच्या परंपरेची, संथ व भावार्द्र, दुसरी खाँसाहेबांची, चपळ, तानांनी झळाळणारी. शब्द तेच, अर्थ मात्र पालटतो. भाषाविज्ञानात आपण उच्चाराच्या सुराने वाक्यार्थ कसा बदलतो याची उदाहरणे शोधत असतो; त्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. वसंतरावांनी ही भूमिका केली तेव्हा गायकी त्यांची, देह त्यांचा आणि पात्राचा हट्टही जणू त्यांच्याच गळ्यातून निघालेला, असे झाले. १९८३ साली ते गेले. पुढे २०१० साली त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेब उभा केला व सदाशिवाची भूमिका महेश काळे यांनी केली. त्या पुनरुज्जीवनाचे दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते. पाच वर्षांनी चित्रपटही त्यांनीच केला.

चित्रपटातील वाटणी नीट पाहण्यासारखी आहे. खाँसाहेब दिसतात सचिन पिळगांवकर, त्यांची रागदारी गायकी राहुल देशपांडे यांची. सदाशिव दिसतो स्वतः सुबोध भावे, गातो महेश काळे. पंडित भानुशंकर मात्र शंकर महादेवन. चित्रपटाला संगीत देणाऱ्या त्रयीपैकी ते एक, आणि येथे अभिनयही त्यांचा, कंठही त्यांचा. तीन गायकांपैकी एकाचाच आवाज त्याच्या स्वतःच्या देहातून येतो, आणि कथेत विष दिले जाते ते नेमके त्यालाच. ज्यांचे कंठ उसने आहेत ते दोघे गात राहतात. ज्याचा कंठ त्याचा स्वतःचा आहे तो मुका होतो. हे दिग्दर्शकाने हेतुतः योजले असेल असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. चित्रपट आहे तसा पाहिला तर पंडितजींच्या मौनाला जे वजन आले आहे त्याचा उगम येथे आहे. आपण त्या माणसाला गाताना ‘पाहिलेले’ असते.

उलटपक्षी खाँसाहेबांच्या बाबतीत तोटा झाला काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ओठांचा हिशेब करावा लागतो. गोरिकरच्या चित्रपटात नटाला अनुसरावयाचे होते ते बोलण्यासारखे गाणे. अक्षरागणिक स्वर असल्याने ओठ मिटणे, उघडणे, गोल होणे या साऱ्या हालचाली जवळपास बोलतानाच्याच क्रमाने येतात. ‘प’, ‘ब’, ‘म’ आले की ओठ मिटावेत, ‘उ’ आला की पुढे यावेत. गद्य नटाला हे अंगवळणी असते. त्यामुळे कंठ परका आहे हे कळूनही डोळ्यांना तो खटकत नाही. ख्यालाच्या अंगाने जाणाऱ्या मराठी पदाची गोष्ट निराळी. तेथे शब्द थोडा आणि विस्तार फार. एका ‘आ’वर दहा-दहा, वीस-वीस स्वरांची तान फिरते, तिच्यात व्यंजने नसतात, म्हणून ओठांना करण्यासारखे काही उरत नाही. तान दिसते ती इतरत्र : जबड्याच्या हलक्या कंपात, गळ्याच्या घाटीत, श्वास कोठे घेतला त्यात, समेवर येताना डोळे कसे मिटतात त्यात. या गोष्टी पाठ करता येत नाहीत. पिळगांवकरांनी हातांच्या फेकीने व नजरेने पुष्कळ निभावून नेले आहे, आणि खाँसाहेबांचा ताठा, त्यांची हिंदी-उर्दूमिश्र बोली, पराभवाने आलेला कडवटपणा यांत ते फार चांगले उतरले आहेत. तरीही लांब तानेच्या वेळी जाणकाराची नजर गळ्याकडे जाते आणि तेथे तिला हवे ते सापडत नाही. मराठी संगीत नाटकाच्या चित्रपटरूपाची ही अडचण रशियन चित्रकर्त्यांना तितकीशी आली नाही, याचे कारण त्यांचे तंत्र अधिक चांगले होते हे नव्हे. त्या संगीतिकेतील अक्षर आणि स्वर यांचे नाते निराळे होते.

जाता जाता एक नोंद. या चित्रपटातील गायनाबद्दल पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पारितोषिक महेश काळे यांना मिळाले. पारितोषिकांच्या व्यवस्थेत कंठाला एक रकाना आणि अभिनयाला दुसरा. ‘गायकनट’ हा आपल्या रंगभूमीने घडविलेला एकसंध शब्द त्या रकान्यांत कोठे बसवावा, हे कोणी ठरविलेले नाही.

आता विषाकडे. सालिएरी विष स्वतःच्या हाताने घालतो. ते त्याने अठरा वर्षे जवळ बाळगलेले आहे. घालण्यापूर्वी त्याने आपल्याशी युक्तिवाद केला आहे की मोत्सार्टचे जगणे कलेलाच घातक आहे. म्हणून त्याची शोकांतिका विचाराची शोकांतिका आहे, आणि बोलण्यासारखे गाणे तिला शोभते. चित्रपटातील खाँसाहेबांचे तसे नाही. वर्षानुवर्षे हरत आलेल्या नवऱ्याचा मान राखण्यासाठी पंडितजींचा आवाज घालविते ती त्यांची पत्नी. खाँसाहेबांना ते कळते तेव्हा ते तिला दूर करतात. पाप दुसऱ्याचे, फळ मात्र त्यांच्या पदरात : राजगायकाचे पद, हवेली, आणि त्या पदाबरोबर मिळणारी, एक खून माफ असलेली कट्यार. ज्या विजयासाठी ते झुरले तो विजय आपल्या गळ्याने मिळविलेला नाही, हे ओझे घेऊन त्यांना पुढे गावे लागते. कथेच्या दृष्टीने खाँसाहेबांचा यशस्वी कंठ हा एका अर्थी उसनाच ठरतो. पार्श्वगायनाने जी फट पडली आहे ती या पात्राच्या बाबतीत म्हणूनच मला सर्वस्वी दोषास्पद वाटत नाही. मात्र हा गुण नाटकाच्या तंत्राचा नाही, चित्रपटाच्या कथनाचा आहे, आणि त्यासाठी किंमतही मोजली गेली आहे. अपराध पत्नीवर गेल्याने खाँसाहेब प्रेक्षकांच्या सहानुभूतीला पात्र राहतात, पण सालिएरीसारखे स्वतःच्या युक्तिवादाला तोंड देण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. शोकात्मतेचा पल्ला तेवढा आखूड झाला आहे.

सदाशिव ही या रचनेतील तिसरी बाजू, आणि तिला रशियन कृतीत प्रतिरूप नाही. मोत्सार्टला शिष्य नाही. त्याच्यामागे उरतात ती लिहिलेली स्वरपत्रे. आपल्या संगीतात स्वरपत्राचा आधार नाही, विद्या गळ्यातून गळ्यात जाते; म्हणून भानुशंकरांचा आवाज गेला की एक परंपराच बुडण्याची वेळ येते. सदाशिव ती राखू पाहतो आणि त्यासाठी ज्याच्याविषयी मनात सूड आहे त्या खाँसाहेबांचीच गायकी चोरून ऐकतो. दोन गायकी एका गळ्यात येऊन भेटतात. पडद्यावर हा गळा महेश काळे यांचा आणि चेहरा भावे यांचा आहे, ही गोष्ट येथे फारशी बाधत नाही, कारण सदाशिवाचा आवाज कथेतच दुसऱ्यांकडून आलेला आहे.

आता रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या त्या तिसऱ्या स्थळाकडे. मोत्सार्ट विष मिसळलेला प्याला रिता करतो आणि वाद्याशी बसून मृतांसाठीची प्रार्थना वाजवू लागतो. सालिएरी ऐकत राहतो आणि रडतो. येथे त्याला गावयाचे नाही. पिरोगॉव्हचा कंठ थांबलेला आहे. पडद्यावर आहे तो केवळ ग्लेबॉव्ह. ‘कट्यार’च्या अखेरीसही असेच घडते. हाती कट्यार असलेले खाँसाहेब सदाशिवाचे गाणे ऐकतात, आणि त्या ऐकण्यानेच त्यांचा हात थांबतो. राहुल देशपांडे यांचा आवाज येथे नाही. पिळगांवकर एकटे आहेत. रंगभूमीवर हा ऐकणारा माणूस गाणाऱ्याच्या तुलनेत लहान दिसतो. प्रेक्षकाची दृष्टी साहजिकच गाणाऱ्याकडे लागते, आणि मागच्या रांगेला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी दिसणेच शक्य नसते. कॅमेरा मात्र ऐकणाऱ्याजवळ जाऊन उभा राहू शकतो. ज्या जवळिकीने १९३७ साली बालगंधर्वांची मीरा मान्य होऊ दिली नाही, तीच येथे उपयोगी पडते. आणि या एका प्रसंगापुरता दोन्ही चित्रपटांतील नटाला कोणाचाही कंठ उसना घ्यावा लागत नाही.